चौगुल्यांच्या जावा

“चौगुले, आत या!” सिस्टरनं दारातून हाक मारली. मी उठले, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक बाईही उठली.

दोघी दाराशी एकदमच पोचलो. सिस्टरनं चष्म्यावरून आधी मला, मग तिला न्याहाळलं आणि हातातला कागद वाचला. “छबू हिंदुराव चौगुले.”

“मीच बाई,” ती म्हणाली.

हिंदुराव चौगुले माझा नवरा. हळद लावून, वाजतगाजत केलेला. त्याचं नाव दुसऱ्या बाईच्या नावामागं लागलेलं मी ऐकलं ते असं, सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात, बाकभर बायकांच्या देखत. त्या व्हरांड्यात सर्दी-पडशासाठी कुणी येत नसे. आम्ही साऱ्या एचआयव्हीच्या, बहुतेक विधवा. दर खेपेला बाकावरचं एखादं माणूस कायमचं कमी झालेलं असायचं. तरी तेवढ्यातही मला सवत आहे हे त्या बायकांना कळू द्यायची माझी तयारी नव्हती. रोग परवडला, पण सवत नको.

सिस्टरनं माझाही कागद उलगडला. “हे काय? दोघींचा नवरा हिंदुराव?”

“न्हाई न्हाई,” मी घाईनं म्हणाले. “आमी जावा हाय. माझा हिंदुराव. हिचा... आनंदराव. धाकला दीर माझा. लिवणाऱ्यानं चुकी केलीया बगा.”

सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. गळ्यातलं कुणी हिसकून घ्यावं तसा तिचा चेहरा झाला. मग खाली बघत ती म्हणाली, “व्हय बाई. थोरल्या जाऊबाई ह्या माझ्या.”

सिस्टरनं हिंदुरावावर काट मारली आणि वर आनंदराव लिहिलं. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! जिवंतपणी जो कधी माझ्या हाताला लागला नाही, त्याला मेल्यावर मी एका रेघेत घरी परत आणला होता.

तिला मी आधी एकदाच पाहिली होती, पण विसरणं शक्य नव्हतं.

हिंदुराव ट्रकवर ड्रायव्हर. निपाणीला तंबाखू भरायचा, मुंबईला उतरवायचा आणि मधेच कधीतरी गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी यायचा. यायचा तो पोट भरून. मी गरम भाकरी थापून ताट वाढावं आणि त्यानं “भूक न्हाई गं, वाटंत खाल्लंय” म्हणून कुशीवर वळावं. आमच्याकडं नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच उष्ट्या ताटात बाईनं जेवायची रीत. माझ्या बरोबरीच्या बायका त्या रीतीच्या नावानं बोटं मोडायच्या. मी मात्र लख्ख घासलेल्या ताटात एकटी जेवायची आणि त्यांचा हेवा करायची. साडी आणायचा ती विटकरी नाहीतर राखी, कुणीतरी नको म्हणून बाजूला सारल्यासारखी. पुढं कळलं, साड्या तो दोन घ्यायचा. हमरस्त्यावर छबूची खानावळ होती. पहिली निवड तिची, उरलेली माझी.

एकदा घाटात त्याचा ट्रक दरीत गेला. इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा त्याचा रोग कळला, तो गेल्यावर माझा. दहाव्याला नदीकाठी घास ठेवला तर कावळा शिवेना. सासूला अंतर देणार नाही म्हणाले. पोराला शिकवीन म्हणाले. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. भावकी उन्हात ताटकळली. आणि लांब, धोब्याच्या दगडापाशी, डोईवर पदर घेतलेली एक परकी बाई उभी होती. तिनं हात जोडले, ओठ हलवले, आणि मेल्या कावळ्यानं झडप घालून घास उचलला! सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मी छाती पिटून रडले ते नवऱ्यासाठी नव्हे, त्या कावळ्यापायी.

आणि आता तीच बाई माझी धाकटी जाऊ होऊन बसली होती. स्वतःच्या तोंडानं केलेली जाऊ. इस्पितळात आमचं नावच पडलं, ‘चौगुल्यांच्या जावा’. बायका कौतुकानं म्हणायच्या, “बगा, दोगं भाऊ गेलं, पर जावांनी एकमेकीला सोडलं न्हाई.” कुणी विचारलं, आनंदराव कशानं गेले, तर मी सांगायची, “दारूनं.” छबू म्हणायची, “तसं न्हाई आक्का, लई घेत न्हवते ते.” जो माणूस कधी जन्मालाच आला नाही त्याचीसुद्धा बाजू घ्यायची ती!

तपासणीची तारीख आम्हा दोघींची एकच. एकाच एसटीच्या थांब्यावर उतरायचं, एकाच बाकावर बसायचं. परतताना थांब्यावर ती डबा उघडायची आणि आधी माझ्यापुढं धरायची. “आक्का, तुकडा तोडा की.” मी तोंड फिरवायची. मग ती एकटीच जेवायची. नवऱ्यानं तिच्या हातचं खाऊन खाऊन माझा संसार रिकामा झाला होता. तिच्या हातचं पाणीसुद्धा मला चालणार नव्हतं.

फुकट गोळ्या यायच्या आधीची ती वर्षं. बाकावरच्या बायका बघता बघता वाळत गेल्या. आम्ही दोघी मात्र टिकून राहिलो. माझ्या टिकण्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याशिवाय मी कुणाकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि जोतिबाचा रविवार कधी मोडला नव्हता. बायकांना मी ठणकावून सांगायची, “ज्येचं मन साफ, त्येला देव राकतो.” हे मी छबूला ऐकू जाईल अशा बेतानंच बोलायची. आता ती का टिकली याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ती नुसती टिकली नव्हती, गाल वर आले होते तिचे.

पुढं गोळ्या आल्या. तेव्हा शरीरातल्या राखणदार पेशी ठराविक आकड्याच्या खाली उतरल्या तरच गोळ्या मिळत. आज नियम बदललाय, सगळ्यांनाच देतात. माझ्या पेशी त्याच सुमाराला उतरायला लागल्या. छबूच्या होत्या तिथंच. मला गोळ्यांनी सकाळ-संध्याकाळ मळमळ आणि छबूला काहीच नाही. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

त्यात पुण्याहून डॉक्टर नाडगौडाबाई आल्या. कापलेले केस, पायांत साध्या चपला, बोलणं गोड. छबूचे जुने आकडे बघून त्यांचे डोळे लकाकले. हिचं आता आणखी काय भलं होणार?

“छबूताई, तुमच्यासारखी माणसं शेकड्यात एखादी,” त्या म्हणाल्या. “गोळ्यांविना तुमचं शरीर विषाणूला रोखून धरतंय. कसं, ते आम्हाला शिकायचंय. आणि मालनताई, तुमचंही रक्त द्याल का? तुम्ही जावा, एका घरच्या, एका पाण्यावर जगलेल्या. शेजारी ठेवून बघता येईल.”

“म्हंजे ही चांगली, मी वाईट, आसं दाकवायला व्हय?”

त्या हसल्या. मग दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत आम्हाला कुणी बसवून काही सांगितलं नव्हतं.

“हा विषाणू म्हणजे चोर आहे,” त्या म्हणाल्या, “आणि शिरतो तो राखणदाराच्याच घरात. प्रत्येक पेशीत एक पोथी असते, तीत बघून पेशी आपलं काम करते. हा शिरला की आपली पानं त्या पोथीत शिवून टाकतो. मग पेशी स्वतःच्या हातानं त्याची पिल्लं घडवते.”

“आन् पेशी गप बसती?” मी विचारलं.

“नाही ना. तिच्याकडं एक पहारेकरी असतो. चोर पानं लिहायला लागला की हा त्यात जागोजाग चुका घुसडतो. म्हणून चोर काय करतो, घरातल्या झाडूवालीला फितवतो. झाडूवाली त्या पहारेकऱ्यालाच केर समजून बाहेर टाकते.”

“घरचंच माणूस फितवायचं,” मी म्हणाले आणि छबूकडं पाहिलं. “कळलं मला. फुडं सांगा.”

छबू पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

“आता, आत काय शिजतंय त्याचा नमुना पेशी दारावर पाटीसारखा टांगते. गस्तवाले ती पाटी वाचतात आणि चोर धरतात. म्हणून हा पाट्या उतरवतो. पण सगळ्या नाही हं! बिनपाटीचं दार बघून संशय घेणारे दुसरे गस्तवाले असतात. त्यांच्यासाठी एखाददुसरी ठेवून देतो.”

“लई हुशार हाय की मेला.”

“हुशार आहे. शिवाय वेष बदलतो. पण प्रत्येकाच्या दारावरची पाटी वेगळी असते. माझा अंदाज असा, की छबूताईंच्या पाटीवर नेमका चोराचा पायच दिसतो. दाढी काढता येते, सदरा बदलता येतो. पाय कसा बदलणार? बदलायला गेला तर लंगडा होईल.”

मी मनात म्हटलं, घ्या! देवानं पाट्यासुद्धा हिलाच बऱ्या दिल्या. साडी तिची आधी, कावळा तिचा आधी, आणि आता हे. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी उठूनच उभी राहिले. दारापर्यंत गेले आणि एका विचारानं थांबले.

छबूला बाहेर पाठवून मी डॉक्टरबाईंना विचारलं, “रगतावरनं कळतं का, कुणाकडनं कुणाकडं आला ते?”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “शपथेवर नाही सांगता येत. कधीकधी अंदाज येतो.”

“मंग घ्या माझं रगत. पर अंदाज मला सांगायचा. ठरलं?”

“त्यात दुसऱ्या कुणाचं काही उघडं होणार असेल, तर त्या माणसाला विचारूनच सांगेन.”

एवढं मला पुरे होतं. इतकी वर्षं मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या नवऱ्याला हिनं रोग दिला, त्याच्याकरवी मला दिला, हे कुणीतरी शिकल्या-सवरल्या माणसानं तोंडानं म्हणावं. मग त्याच बाकासमोर, सगळ्या बायकांच्या देखत, हिच्या तोंडावर थुंकायचं. जावापणाचं सोंग फुटलं तरी बेहत्तर. रक्त काढताना सुई दोनदा टोचावी लागली. मी हूं का चूं केलं नाही.

पुण्याहून उत्तर यायला उन्हाळा उजाडला. डॉक्टरबाईंनी दोघींना आत घेतलं आणि दार लावलं.

“मालनताईंनी मला एक विचारलं होतं,” त्या छबूला म्हणाल्या. “उत्तरात तुमचीही गोष्ट आहे. तुमची ना असेल तर मी गप्प बसते.”

“सांगा,” छबू म्हणाली. “आक्कास्नी कळू द्या.”

डॉक्टरबाई जरा चाचरल्या. “तुम्हा दोघींमधले विषाणू एकाच घराण्याचे निघाले. अगदी सख्खे म्हणावेत असे. दोन वेगळ्या नवऱ्यांकडून आले असते तर... म्हणजे, आनंदराव आणि हिंदुराव...”

मी खिडकीबाहेर बघू लागले.

“आनंदराव न्हवताच कवा,” छबू म्हणाली. “एकच मालक व्हता. आक्कांचा.”

आक्कांचा, म्हणाली ती. माझा म्हणाली नाही, आमचाही म्हणाली नाही. तेही मला झोंबलं. डॉक्टरबाईंनी टेबलावरची लेखणी उगाच इकडची तिकडं केली.

“ते ऱ्हाऊ द्या,” मी म्हणाले. “आला कुणाकडनं?”

“मालनताई, तुमच्या अंगातला चोर लंगडा आहे. छबूताईंच्या चोराचा जो पाय मोडलाय, तोच.”

माझा ऊर भरून आला. “म्हंजे माझ्या दारावरबी तसलीच पाटी हाय?”

“नाही. ते मी मुद्दाम तपासलं. तुमच्या दारावर ती पाटी नाही.”

“मंग पाय कुणी मोडला?”

छबूची मान खाली गेली होती. मला उत्तर तिच्या मानेवरून कळलं.

“मोडूनच आला,” मी म्हणाले.

“तसं दिसतं,” डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आधी तो छबूताईंच्या अंगात बराच काळ असावा. तिथं तो कमी होता, पण कमी म्हणजे नव्हता असं नाही. तिथून हिंदुरावांकडं, तिथून तुमच्याकडं. शपथ घेऊन नाही सांगत. अंदाज सांगते.”

मिळालं. जे मागितलं होतं ते पदरात पडलं. मी खुर्ची मागं सारून उठले, छबूसमोर जाऊन उभी राहिले. तोंडात थुंकी जमली होती.

“माझा पयला मालक कावीळनं गेला म्हणत्यात,” ती पुटपुटली. “मी पोरगी व्हती तवा. मला ठावं न्हवतं आक्का. आईच्यान ठावं न्हवतं. ह्यास्नी माझ्यापायी... मारा मला. तुमचा हक हाय.”

“थांबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मालनताई, तुम्ही अर्धंच ऐकलंत. बसा आधी.”

मी बसले नाही. पण थुंकी गिळली.

“तुम्हाला लागण झाली तेव्हा गोळ्या नव्हत्या. बाकावरच्या तुमच्या बरोबरीच्या किती उरल्या?”

“आमी दोगीच.”

“धडधाकट चोर आला असता तर तुम्हीही उरला नसता, असं मला वाटतं. लंगडा होता म्हणून तुम्हाला गाठायला त्याला इतकी वर्षं लागली. तुमच्या घरात त्याचा पाय मोडणारं कुणी नाही, त्यामुळं तो पाय आता भरून येतोय. म्हणून तर पेशी उतरल्या. पण तोवर गोळ्या येऊन पोचल्या होत्या.” त्या पुढं म्हणाल्या, “तेवढा वेळ तुम्हाला छबूताईंच्या अंगानं काढून दिला.”

मी बसले. म्हणजे जोतिबाचा रविवार नाही. साफ मन नाही. पातिव्रत्य तर नाहीच नाही. बाकावर बसून जे जे मी ठणकावलं होतं, ते सगळं या बाईच्या पुण्याईवर. रोग तिनं दिला हे खरं, आणि देताना त्याचे दात पाडून दिला हेही खरं. साड्यांसारखाच तो तिनं आधी वापरून, विटवून माझ्याकडं पाठवला होता. नवा कोरा मिळाला असता तर माझं पोर आईवाचूनही वाढलं असतं.

आता मी तिचा रागही धड करू शकत नव्हते. एवढी एकच गोष्ट माझ्या स्वतःच्या मालकीची होती, तीही तिनं नेली.

“कागदावरचं नाव दुरुस्त करू का?” आम्ही निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं. “छबू हिंदुराव?”

छबूनं माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी उचलली.

“ऱ्हाऊ द्या आनंदराव,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या,” छबू म्हणाली.

बाहेर बाकावरच्या बायकांनी विचारलं, “काय म्हटल्या गं पुण्याच्या बाई?” छबू कोमेजून उभी होती. मी म्हणाले, “काय न्हाई. दोगी बऱ्या हायसा म्हटल्या,” आणि पुढं चालू लागले.

थांब्यावर एसटीचा पत्ता नव्हता. ऊन रणरणत होतं. माझी सकाळची गोळी पोटात गेली होती आणि तेव्हापासून अन्नाचा कण नव्हता, त्यामुळं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. छबू बाकाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडं पाठ करून बसली. आज तिनं डबा माझ्यापुढं धरला नाही. धरायचा तिला धीर झाला नसावा. तिनं गुपचूप फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी मोडली, खर्ड्याला लावून दोन-चार घास खाल्ले आणि हात तसाच थांबला. तिचे खांदे हलत होते.

मी सरकत सरकत तिच्यापाशी गेले.

“आण हिकडं.”

ती दचकली. डोळे पुसून तिनं डब्याच्या तळाची आख्खी भाकरी काढायला घेतली.

“ती न्हवं. हातातली.”

“आक्का, ही उष्टी हाय.”

“ठावं हाय मला.”

मी तिच्या हातातली मोडकी भाकरी घेतली आणि घास तोंडात घातला. पातळ, मऊ, कडेला खरपूस. दाताखाली विरघळत होती मेली. खर्डा पाट्यावर वाटलेला, वर कच्च्या तेलाची धार. हिंदुराव घरी का जेवत नव्हता ते पहिल्याच घासाला कळलं, आणि पोटात पुन्हा एकदा तसंच पेटलं, लग्नातल्या पहिल्या वर्षी पेटत होतं तसं.

छबू श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत होती.

“मीठ जास्ती झालंया,” मी म्हणाले, आणि सगळी संपवली.